टी सेल कोण चालू करतं? व्हायरस आपल्याच प्रोटीनची नक्कल करतो तेव्हा

ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यात लम्पी सापडला आणि तिथून पुढं महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा आपल्या जळगाव-धुळ्याकडं सकाळी उठल्या उठल्या माणूस आधी गोठ्यात जाऊन गुरांच्या अंगावर हात फिरवून बघायचा, गाठ लागते का म्हणून. गुरांचे बाजार बंद झाले, लसीसाठी धावपळ झाली, हे सगळं तुम्हाला आठवतच असेल. पण ज्या व्हायरसनं हे केलं त्याचा सगळा जीनोम २००१ मध्येच वाचून झाला होता, दीड लाख अक्षरांचा, त्यात अंदाजे १५६ जीन, आणि त्यातले काही जीन असे आहेत की बघून पहिला प्रश्न हाच पडतो की हे व्हायरसकडं आलं कुठून? एक प्रोटीन इंटरल्युकिन-१० सारखं, काही इंटरल्युकिन-१ ला पकडणाऱ्या रिसेप्टरसारखी, एक केमोकाइनच्या रिसेप्टरसारखं. हे सगळे तर जनावराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचे रेणू आहेत, पेशी एकमेकींना निरोप द्यायला जे वापरतात ते.

तर आज ह्याच्यावरच लिहायचंय. व्हायरस नुसता लपत नाही, तो आपल्या इम्यून सिस्टिमच्या प्रोटीनची नक्कल करतो, कधी टी सेलला, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला, झोपवायला आणि कधी चक्क उठवायला. दुसरा भाग ऐकून लोक गोंधळतात, कारण टी सेल ॲक्टिव्ह झाली म्हणजे चांगलंच झालं असं आपण धरून चालतो. तसं नाहीये. कुणी ॲक्टिव्ह केली, किती केली आणि ती थांबली का, ह्यावर सगळं आहे.

आधी टी सेलचं काम थोडक्यात. ह्या पेशी बोन मॅरोत जन्मतात आणि छातीच्या हाडामागं थायमस म्हणून ग्रंथी असते तिथं तयार होतात. तिथं त्यांची कडक छाननी होते, आपल्याच शरीराच्या तुकड्यांना फार घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक टी सेल तिथंच मारल्या जातात. जी बाहेर पडते तिच्या अंगावर एकाच प्रकारचा रिसेप्टर असतो, हजारोंच्या संख्येनं, पण सगळे सारखे. आता ही टी सेल अख्खा व्हायरस ओळखत नाही बरं का. शरीरातली दुसरी पेशी व्हायरसच्या प्रोटीनचे बारीक तुकडे करते, आठ-दहा अमिनो ॲसिडचे किंवा थोडे मोठे, आणि ते एमएचसी नावाच्या प्रोटीनच्या खाचेत बसवून बाहेर मांडते. माणसात ह्यालाच एचएलए म्हणतात, किडनी बसवताना मॅच करतात ते हेच. टी सेल तुकडा आणि एमएचसी दोन्ही मिळून ओळखते, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल ह्या दोघांनी १९७४ मध्ये दाखवलं आणि १९९६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

पण नुसतं ओळखून भागत नाही. टी सेलला दुसरा सिग्नल लागतो, तिच्यावरच्या सीडी२८ ला समोरच्या पेशीवरचं बी७ भेटायला पाहिजे, आणि हे बी७ समोरच्या पेशीवर भरपूर येतं ते तिला खरोखर काहीतरी गडबड जाणवली तरच. पहिला सिग्नल आला आणि दुसरा नाही आला, तर टी सेल उठत तर नाहीच, उलट बधिर होऊन बसते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे सायटोकाइन, इंटरल्युकिन वगैरे, आसपासच्या पेशींनी सोडलेले रेणू, जे ठरवतात की ही टी सेल आता मारायला जाणार, मदतीला जाणार की बाकीच्यांना शांत करणार.

व्हायरसनं हात घातलाय तो ह्या तिन्ही ठिकाणी.

शांत करणारी नक्कल समजायला सोपी आहे म्हणून ती आधी घेऊ. इंटरल्युकिन-१० हा आपला ब्रेक लावणारा सायटोकाइन, तो आला की तुकडे मांडणाऱ्या पेशी एमएचसी आणि बी७ दोन्ही कमी करतात, म्हणजे टी सेलला ना नीट दिसत ना दुसरा सिग्नल मिळत. १९९० मध्ये लक्षात आलं की एपस्टाइन-बार व्हायरसकडं, म्हणजे ईबीव्हीकडं, ह्याची कॉपी आहे आणि ती माणसाच्या इंटरल्युकिन-१० शी ८० टक्क्यांहून जास्त जुळते. हा ईबीव्ही काही दुर्मिळ नाही, जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या शरीरात तो जन्मभर असतो, आपल्यातल्या बहुतेकांच्या सुद्धा. दुसरा सायटोमेगॅलो व्हायरस, सीएमव्ही. (केळीवाले शेतकरी वाचत असतील तर सांगतो, बागेत हरण्या रोग आणतो तो सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, आणि केळीच्या झाडाला टी सेल नसतातच.) माणसाच्या सीएमव्हीचं इंटरल्युकिन-१० आपल्याशी फक्त २७ टक्के जुळतं, तरी ते आपल्याच रिसेप्टरला बरोबर जाऊन बसतं. म्हणजे सगळं हुबेहूब असायची गरज नाही, जिथं चिकटायचं तेवढा आकार जमला की काम झालं. ह्याच सीएमव्हीकडं एमएचसीची पण नक्कल आहे, यूएल१८ नावाची, १९८८ मध्ये सापडलेली, आणि ती एलआयआर-१ नावाच्या ब्रेकच्या रिसेप्टरला आपल्या खऱ्या एमएचसीपेक्षा हजारपटीनं घट्ट धरते.

धुळ्याकडं साक्री-पिंपळनेर भागात ठेलारी मेंढपाळांना मावा रोग माहीत आहे, कोकरांच्या ओठांवर खपल्या येतात, पिऊ शकत नाहीत, आणि हाताळणाऱ्या माणसाच्या बोटावर सुद्धा फोड येतो. तो ऑर्फ नावाचा व्हायरस, लम्पीच्याच पॉक्स घराण्यातला. त्याच्याकडं मेंढीच्या इंटरल्युकिन-१० ची जवळजवळ तशीच कॉपी आहे, १९९७ मध्ये सापडली. एकदा मावा होऊन गेलेल्या मेंढीला परत मावा होतो, हे मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या बघतायत. त्याच्यामागं अशी बरीच प्रोटीन आहेत आणि ही कॉपी त्यातली एक.

हे मी साक्रीकडच्या एका नात्यातल्या काकांना सांगत होतो तर त्यांनी एकदम मुद्द्याचं विचारलं, "मंग टी सेलले कळत नई का, हाऊ परका शे म्हनीसन?" खरंय, कळायला पाहिजे. पण टी सेल आलेल्या इंटरल्युकिनवर शिक्का बघत नाही, कुठल्या पेशीतून निघालं ते तिला कळायला मार्गच नाही, रिसेप्टरला रेणू बसला की आतमधली साखळी सुरू. ह्या निरोपाच्या रेणूंवर आपला-परका अशी तपासणी नाही आणि व्हायरसनं नेमकं तेच हेरलंय. हेरलंय म्हणजे विचार करून नाही, लाखो वर्षांत आपल्या पूर्वजांचे जीन चुकून व्हायरसच्या जीनोममध्ये शिरले, जे उपयोगी पडले ते टिकले आणि घासून घासून कामाचे झाले.

किती बारकाईनं घासले गेले ह्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. आपलं खरं इंटरल्युकिन-१० नुसतं ब्रेक नाहीये, काही ठिकाणी ते थायमसमधल्या टी सेलना आणि मास्ट सेलना वाढायला मदतही करतं. म्हणजे एकाच रेणूत दोन गुण. ईबीव्हीच्या कॉपीत ब्रेक शाबूत आहे पण हा दुसरा उत्तेजन देणारा गुण गायब आहे. २००० साली शोधून काढलं की फरक एका अमिनो ॲसिडचा आहे, ८७ व्या जागेवर माणसाकडं आयसोल्युसीन आहे आणि व्हायरसकडं अलानिन. माणसाच्या प्रोटीनमध्ये त्या जागी अलानिन घातलं तर उत्तेजनाचा गुण गेला, व्हायरसच्या प्रोटीनमध्ये आयसोल्युसीन घातलं तर तो गुण आला. दीडशेच्या वर अमिनो ॲसिडचं प्रोटीन आणि एका जागेनं टी सेल उठणार की नाही हे ठरतं! व्हायरसनं आपल्याकडून घेतलं, त्यातलं त्याला नको होतं ते टाकलं आणि हवं ते ठेवलं.

आता दुसरी बाजू. व्हायरस टी सेलला उठवेल कशाला, ती तर त्याला मारणार ना? ह्याचं उत्तर असं की काही व्हायरसना राहायला टी सेलच लागते, आणि झोपलेली टी सेल त्यांच्या काही कामाची नाही. झोपलेली पेशी नवीन डीएनए बनवत नाही, विभागत नाही. उठलेली पेशी भराभर दोनाच्या चार, चाराच्या आठ होते आणि तिच्या पोटातला व्हायरस आपोआप वाढतो.

दक्षिण अमेरिकेत स्क्विरल मंकी म्हणून एक छोटं माकड आहे, त्याच्यात हर्पिसव्हायरस सायमिरी नावाचा व्हायरस जन्मभर राहतो आणि त्या माकडाला काही म्हणजे काही होत नाही. पण हाच व्हायरस मार्मोसेट किंवा टॅमरिन जातीच्या माकडात गेला की टी सेल बेफाम वाढून थोड्याच दिवसांत लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, आणि मरण. ह्या व्हायरसकडं टिप म्हणून प्रोटीन आहे, ते टी सेलच्या आत एलसीके ह्या एन्झाइमला धरतं. हे एलसीके म्हणजे टी सेलच्या रिसेप्टरला तुकडा भेटला की आतमध्ये सगळ्यात आधी कामाला लागणारं एन्झाइम. म्हणजे बाहेर काहीच दिसलेलं नसताना टिप आतूनच तिथं हात घालतं. त्याच्या जोडीला एसटीपी-सी नावाचं दुसरं प्रोटीन वाढीचे सिग्नल चालू ठेवतं. १९९२ मध्ये ह्या व्हायरसच्या एका जातीनं माणसाच्या टी सेल लॅबमध्ये इन्फेक्ट केल्या तर त्या पेशी अँटिजेन, म्हणजे ओळखायचा तुकडा, न दाखवता महिनोन्‌महिने वाढत राहिल्या. लॅबवाल्यांना त्याचा उपयोग झाला, टी सेल वाढवायची एक पद्धतच मिळाली.

पण ह्या व्हायरसची सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच आहे. १९९३ मध्ये उंदरांच्या टी सेलमध्ये एक नवीन जीन सापडला, त्याचं काम काय हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि डेटाबेसमध्ये शोधलं तर तो जुळला थेट ह्या माकडाच्या व्हायरसमधल्या १३ नंबरच्या जीनशी, ५७ टक्के. १९९५ मध्ये व्हायरसचं हे प्रोटीन आणि उंदराचं प्रोटीन शेजारी शेजारी तपासले, दोघांनीही तेच केलं, त्वचेखालच्या फायब्रोब्लास्ट पेशींना इंटरल्युकिन-६ सोडायला लावलं आणि टी सेलच्या वाढीला धक्का दिला. व्हायरसच्याच प्रोटीनचा गळ टाकून त्याचा रिसेप्टरही शोधला. त्या रेणूचं नाव पडलं इंटरल्युकिन-१७. आज इम्युनॉलॉजीत ह्याच्याशिवाय पान हलत नाही, आणि त्याचा रिसेप्टर आपल्याला सापडला तो माकडाच्या एका व्हायरसमुळं. एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, हा जीन व्हायरसमधून काढून टाकला तरी तो कॅन्सर करतोच, म्हणजे कॅन्सरचं काम टिप आणि एसटीपी-सी वर आहे, सगळं इंटरल्युकिनच्या नावावर टाकू नका.

ईबीव्हीकडं ह्याच्या उलट दिशेची नक्कल आहे. बी सेलला, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीला, वाढायचं असेल तर टी सेलनं येऊन तिच्या सीडी४० रिसेप्टरला हात लावावा लागतो. ईबीव्हीचं एलएमपी१ हे प्रोटीन सीडी४० सारखंच वागतं, फक्त फरक असा की ते कायम चालू असतं. टी सेल आलेलीच नाही, पण बी सेलला वाटतं आली, आणि ती वाढते.

आणि मग सुपरअँटिजेन. साधारणपणे एखाद्या तुकड्याला ओळखणाऱ्या टी सेल लाखात एक किंवा दहा लाखात एक असतात. सुपरअँटिजेन तुकड्याच्या भानगडीत पडतच नाही, तो एमएचसीला आणि टी सेलच्या रिसेप्टरच्या व्ही-बीटा नावाच्या भागाला बाजूनं धरून दोघांना जबरदस्तीनं जोडतो, मग खाचेत काय आहे ह्याला अर्थ नाही, त्या व्ही-बीटाच्या सगळ्या टी सेल एकदम उठतात, शंभरातल्या पाच ते वीस. आपल्याकडं गिरणा खोऱ्यात मळ्यात बिबट्या शिरल्याची हाळी आली की ज्याचा मळा तो सोडून अख्खं गाव काठ्या घेऊन पळतं ना, तसं.

ह्याचा सगळ्यात नीट उलगडलेला व्हायरस उंदरांचा आहे, माऊस मॅमरी ट्यूमर व्हायरस. १९३६ मध्ये बिटनर ह्या शास्त्रज्ञानं दाखवलं की उंदरांच्या काही जातीत स्तनाचा कॅन्सर आईच्या दुधातून पिल्लाकडं जातो. पुढचं कोडं १९९० नंतर सुटलं. दुधातला व्हायरस पिल्लाच्या पोटात जातो, आतड्याच्या भिंतीत पेयर्स पॅचेस म्हणून इम्यून पेशींचे पुंजके असतात तिथल्या बी सेलमध्ये शिरतो. ती बी सेल व्हायरसचा सुपरअँटिजेन एमएचसीवर मांडते. त्या व्ही-बीटाच्या टी सेल एकदम उठतात आणि समोरच्या बी सेलला वाढायला मदत करतात, कारण त्यांचं कामच ते आहे. बी सेल वाढल्या की त्यांच्यातला व्हायरस वाढला, मग त्या पेशी शरीरभर फिरतात, आणि पिल्लू वयात आलं की व्हायरस दुधाच्या ग्रंथीत पोचतो आणि पुढच्या पिल्लांच्या दुधात उतरतो. खरं पटवणारा प्रयोग हा की ज्या उंदरांमध्ये नेमक्या त्याच व्ही-बीटाच्या टी सेल नव्हत्या ते उंदीर वाचले. टी सेल कमी, म्हणून वाचले! काही उंदरांच्या जीनोममध्ये ह्याच व्हायरसचे जुने तुकडे कायमचे बसलेत, त्यांच्यामुळं त्या टी सेल लहानपणीच थायमसमध्ये बाद होतात, आणि म्हणून नवीन व्हायरसला त्या उंदरात पाय रोवता येत नाही.

तिसरा प्रकार योगायोगाच्या साम्याचा. इथं व्हायरस काही कमावत नाही, नुकसान फक्त आपलं. एक टी सेल एकाच तुकड्याला नाही तर मिळत्याजुळत्या लाखो तुकड्यांना प्रतिसाद देऊ शकते, दिलाच पाहिजे, नाहीतर जगातल्या सगळ्या जंतूंना पुरेल इतक्या टी सेल शरीरात मावणार नाहीत. पण त्यामुळं व्हायरसचा तुकडा आणि आपल्या प्रोटीनचा तुकडा सारखा निघाला की व्हायरसविरुद्ध उठलेली टी सेल आपल्यावरच उलटते. कोरोनानंतर काही लहान मुलांना दोन ते सहा आठवड्यांनी जोरात ताप, डोळे लाल, पोटदुखी, अंगावर पुरळ आणि हृदयावर सूज असा एमआयएस-सी नावाचा आजार झाला होता, २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांनीही तो बघितला. आधी झालेला कोरोना बऱ्याचदा इतका हलका की घरच्यांना कळलाही नव्हता. २०२४ मध्ये नेचरमध्ये आलेल्या अभ्यासात ह्यातल्या अंदाजे एक तृतीयांश मुलांमध्ये एसएनएक्स८ ह्या आपल्याच प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या, आणि ह्या प्रोटीनचा एक छोटा भाग कोरोनाच्या एन प्रोटीनच्या छोट्या भागासारखा निघाला, काही मुलांमध्ये तर दोन्हींना ओळखणाऱ्या टी सेल मिळाल्या. त्याआधी २०२० मध्ये कॉम्प्युटर मॉडेलवरून असं मांडलं होतं की स्पाइकचा एक भाग बॅक्टेरियाच्या सुपरअँटिजेनसारखा दिसतो, आणि बऱ्याच मुलांमध्ये एका ठरावीक व्ही-बीटाच्या टी सेल वाढलेल्या मिळाल्याही, पण माझ्या मते आकार जुळणं आणि शरीरात तसं घडणं ह्यात अंतर आहे, एन प्रोटीनचा पुरावा जास्त वजनदार वाटतो.

ईबीव्ही इथं पण आहेच. २०२२ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या तर ईबीव्ही झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते त्या आजाराचा, धोका ३२ पट वाढलेला दिसला, आणि त्याच वर्षी ईबीव्हीच्या ईबीएनए१ प्रोटीनचा एक तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम प्रोटीनशी जुळतो हेही दाखवलं गेलं. ईबीव्ही जवळपास सगळ्यांना होतो आणि हा आजार फार थोड्यांना, त्यामुळं एकटं साम्य पुरत नाही, एचएलए कुठलं आहे वगैरे बाकीच्या गोष्टीही जमून याव्या लागतात. उगाच घाबरायचं काम नाही.

हे सगळं वाचल्यावर 'इम्युनिटी वाढवा' ह्या जाहिरातीकडं परत बघा. कोरोनात गल्लोगल्ली काढे आणि गोळ्या विकल्या गेल्या, लोकांनी भीतीपोटी घेतल्या, त्यांचा राग नाही, पण विकणाऱ्यांपैकी एकालाही विचारलं असतं की नेमकं काय वाढवताय, टी सेल की इंटरल्युकिन, आणि थांबवणार कसं, तर उत्तर नव्हतं. एमआयएस-सीच्या मुलांना हॉस्पिटलात दिलं काय, तर इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टेरॉइड, म्हणजे पेटलेलं शांत करणारं औषध. त्यामुळं लहान मूल कुठल्याही व्हायरसमधून बरं होऊन दोन-चार आठवड्यांनी परत तापानं फणफणलं, डोळे लाल झाले, तर घरी काढा देत बसू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडं न्या.

आणि इंटरल्युकिन-१७ चं पुढं काय झालं तेही सांगतो. सोरायसिसच्या चट्ट्यांमध्ये हा रेणू भरपूर असतो हे कळल्यावर त्याला अडवणारी अँटिबॉडी बनवली, सेक्युकिनुमॅब, २०१५ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी मंजूर झाली, आणि पाठीच्या कण्याच्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये पण वापरतात. आपल्याकडं मोठ्या शहरातल्या स्किनच्या डॉक्टरांकडं ती मिळते, सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करतात, कारण आपल्या देशात दबलेला टीबी पुष्कळांच्या अंगात असतो. हाच रेणू आपल्या तोंडातली बुरशी आटोक्यात ठेवतो, त्यामुळं तो अडवला की काहींच्या जिभेवर कँडिडाचा पांढरा थर येतो, बहुतेकदा साध्या औषधानं जातो, पण ज्यांचं इंजेक्शन चालू आहे त्यांनी असं दिसलं तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं, इंजेक्शन स्वतःहून बंद करायचं नाही.